तेहतीस अनारसे

चौथा अनारसाही तुपात पडल्यापडल्या फसफसला आणि त्याचा चुरा कढईभर पसरला. मंदाबाईनं झारा परातीत आदळला. घरचं तूप, तीन दिवस भिजवलेला तांदूळ, उखळात कांडताना सोललेले हात, आणि शेवटी हे असं! अनारसा असा फुटला की तो हसला म्हणतात. मंदाबाईला ते हसू चांगलंच झोंबत होतं.

बाहेर सपरीत, म्हणजे ओसरीवर, जावई देवाजी पाय पसरून बसला होता. पंच्याऐंशी सालचा धोंड्याचा महिना. एकोडीहून सिहोऱ्याला तो वाण घ्यायला आला होता; तेहतीस अनारसे, दिवा आणि तांब्याचं ताट. वाण घ्यायचं, बायको घ्यायची आणि दुपारची एसटी पकडायची. मंदाबाईचे यजमान पुंडलिकराव तीनदा दारात डोकावून गेले होते. "झालं का व?" जावयापुढं नाक कापलं जाईल म्हणून त्यांचा जीव खालीवर होत होता.

नवऱ्यावर ओरडायची सोय नव्हती, तेव्हा वड्याचं तेल वांग्यावर निघालं. वांगं म्हणजे लेक, तुळसा. पंधरा दिवसांपूर्वी ती माहेरी आली तेव्हापासून पीठ तिच्याच हाताखाली होतं.

"काय केलं व तुनं? बावीस वर्साची झाली, साधं पीठ मळता येत नाई तुले! सासरी मार नाई खाशीन तं काय पूजा होईन?"

तुळसानं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मंदाबाईनं तणतणत पिठाचा तुकडा तोडून जिभेवर ठेवला. गोडमिट्ट! गूळ तर तिनं स्वतः मोजून घातला होता. हा जवळजवळ दुप्पट होता.

"वरून गूळ कोणं टाकला?"

"मीनं," तुळसा म्हणाली. "वाण झालं का ते मले घेऊन जातेत. दिवाळीले तुले पाठ दाखवली होती. तू म्हणली, माणूस तापटच असते, सहन कर. मंग आता कोणाले सांगू?"

ते वळ मंदाबाईनं पाहिले होते. त्यांवर हळद लावली होती आणि पोरीला परत पाठवलं होतं. तिला स्वतःची अशी चीड आली की कानशिलं तापली. इतका वेळ ती भलत्याच माणसावर ओरडत होती.

पीठ अजून सावरता आलं असतं. दोन मुठी तांदळाची पिठी मिसळली की भागतं, आणि पिठीचा डबा हाताशीच होता. मंदाबाईनं कढई खाली उतरवली, चुलीत पाणी ओतलं आणि पदर खोचून सपरीत गेली.

"अजून किती वेळ?" देवाजीनं विचारलं.

"अनारसे बिघडले, जवाईबापू."

पुंडलिकराव ताडकन उठले. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"पुढचा अधिक तीन सालानं येते. तवा या. पोरगी पाठवाची का नाई, ते तवाच पाहू."