खुंटीवरची माळ

माळ छातीवरून खाली सरकली आणि पोटावर अडकून बसली.

हौसाबाईने ती बोटांनी चाचपली. "उतरंल," ती मुलाला म्हणाली. "थांब जरा."

विश्राम थांबणार कसा? त्याला आडवं होता येत नव्हतं आणि बसवतही नव्हतं. भिंतीला टेकायचा, पुन्हा पुढे वाकायचा. डोळे पिवळे, हातपायांच्या काटक्या, आणि पोट मात्र मडक्यासारखं तट्ट. त्यावर निळ्या शिरा उठल्या होत्या. त्याची बायको शेवंती दारात जाऊन खाडीकडे बघायची, आत येऊन नवऱ्याकडे बघायची, की पुन्हा दारात.

खाडीला ओहोटी लागली होती. विश्रामचा चुलतभाऊ धाकू बांधाशी होडी धरून उभा होता. उतरत्या पाण्याबरोबर निघालं तर ठाणं जवळ. पाणी गेलं की होडी चिखलात, मग पुढच्या भरतीपर्यंत बसा बोंबलत.

"काकी, पानी चाललं!" तो मघापासून ओरडत होता.

ठाण्याला डॉक्टर होता. परवा गावात देवी टोचायला आला, तेव्हा त्याने विश्रामचं पोट दाबून पाहिलं होतं. शेवंतीने भीत भीत विचारलं, कावीळच ना?

"साधी कावीळ बहुतेकदा आपसूक उतरते, बाई. ही तशी नाही. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा तुंबल्यात. पोटातलं पाणी काढावं लागेल. ठाण्याला आणा, उशीर करू नका."

विश्रामला ते लगेच पटलं. तो मिठागरावरचा माणूस. "बांधाची पानी सोडायची उघाडी तुंबली, का आत पानी चढतंच," तो आईला म्हणाला होता.

हौसाबाईला मात्र माळ ठाऊक. गोविंदा वैदू ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या सैल गाठींत अडकवून टोपीएवढी माळ करायचा आणि रोग्याच्या डोक्यावर ठेवायचा. कावीळ उतरेल तशी माळ लांबते, गळ्यात येते, कमरेवरून घसरून पायाशी पडते. ती पडेपर्यंत पाणी ओलांडायचं नाही, हा नेम. गेल्या पावसाळ्यात अर्धं गाव पिवळं झालं होतं आणि झाडून साऱ्यांच्या माळा पायाशी पडल्या होत्या. आता माळेवर विश्वास ठेवू नकोस, असं तिला कोणी कुठल्या तोंडाने सांगावं? हौसाबाई खाष्ट नव्हती. घाबरली होती. नवऱ्याला असंच होडीत घालून नेलं होतं, तो परत आला नव्हता.

"आय, तोड ना ती," विश्राम कळवळून म्हणाला.

"तोडली तर तू जाशील रं पोरा!"

बाहेरून धाकूची हाक आली. शेवंती नुसतीच दारात जाऊन आली.

मग हौसाबाईला आठवलं. वैदूने दोन माळा दिल्या होत्या, एकाच झाडाच्या, एकाच मापाच्या. एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. काल विश्रामच्या डोक्यावर एक ठेवली, तेव्हाच तिने दुसरी पाण्याच्या मडक्यावरच्या खुंटीला अडकवली होती.

"हीच नीट बांधली नाय मेल्यानं. दुसरी घालते," म्हणत ती तावातावाने उठली आणि खुंटीशी जाऊन थबकली.

काल टोपीएवढी असलेली माळ खुंटीवरून लोंबत खालच्या मडक्याच्या झाकणाला टेकली होती. काड्या वाळून आक्रसल्या होत्या, गाठी सैल होऊन दोरा मोकळा झाला होता.

शेवंती येऊन सासूच्या मागे उभी राहिली. दोघी बघत राहिल्या.

"शेवंते," हौसाबाई अगदी हळू म्हणाली, "खुंटीला कवा झाली गं कावीळ?"

शेवंतीने कोनाड्यातला कोयता काढून सासूच्या हातात दिला. हौसाबाईने मुलाच्या पोटावरची माळ कापली आणि ती धावत बांधावर आली. मागून शेवंती विश्रामला धरून आणत होती.

पाणी मागे हटलं होतं. होडीचा तळ चिखलाला टेकला होता. धाकू तिच्याकडे बघून नुसती मान हलवत राहिला.

हौसाबाईने लुगड्याचा काचा वर खोचला, गुडघाभर चिखलात उतरली आणि होडीला खांदा लावला.

"बघत काय ऱ्हायलास? ढकल!"