बाटलीतला कोंब

थोरल्या लेकीला मुलगी झाली त्या वर्षी म्हाताऱ्याच्या अंगणातलं आक्रोडाचं झाड वाळू लागलं. ते लावणारी बायकोही अंथरुणाला खिळली होती. रोपांच्या प्रयोगशाळेत कामाला असलेल्या धाकटीने फांदीचे तुकडे बाटल्यांत लावले. एकच कोंब जगला. आईच्या हट्टाखातर तिने तो घरच्या कपाटात ठेवला. “बाबा, कापलेलं झाड जखमेतून तुरट रस सोडतं. उजेडात तो काळा पडतो आणि कोंबालाच मारतो. महिनाभर कपाट उघडू नका.” म्हातारा राखणीला बसला. म्हातारी खोकत हसली. “अहो, मी इथे कोंडलेली, तो तिथे. मला कुठला आलाय महिना?” त्याने उठून कपाट उघडलं. बाटली खिडकीत, तिच्या डोळ्यांसमोर ठेवली. “हिरवागार आहे की हो!” ती म्हणाली आणि दिवस मावळेपर्यंत बघतच राहिली. कोंब रविवारी काळा पडला. म्हातारी शुक्रवारीच गेली होती.