कुपीतला दोरा

हेमाताईंनी कुपी खिडकीकडे धरली, हलकेच गोल फिरवली आणि थांबल्या. पावडर विरघळली होती. पाणी नितळ दिसत होतं. मग त्या नितळ पाण्यातून एक बारीक दोरा तरंगत गेला.

"काय झालं?" त्र्यंबकरावांनी पलंगावरून विचारलं. त्यांचा डावा पाय उशीवर होता, बँडेज ताजं होतं.

"काही नाही. फेस बसू दे."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. जुन्या कॅलेंडरची पाठ आणि एक काळा पुठ्ठा त्यांनी ओट्यावर शेजारीशेजारी उभा केला. पांढऱ्यासमोर कुपी धरली की दोरा दिसायचा, काळ्यासमोर नाहीसा व्हायचा. म्हणजे दोरा काळाच. कुपी स्थिर झाली तरी तो जरा वेळ पोहत राहायचा. टोकाला वाकलेला, आकड्यासारखा.

वागळे इस्टेटमधल्या औषध कंपनीत हेमाताईंनी एकतीस वर्षं हेच काम केलं होतं. काळोखी खोली, डोक्यावर एक दिवा, समोर अर्धी पांढरी, अर्धी काळी पाटी. कुपी उचलायची, फिरवायची, पांढऱ्यावर बघायची, काळ्यावर बघायची. तासाला दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं. शेजारच्या खुर्चीवरची विमलाबाई तेवढ्यात घोरायची सुद्धा. दर सहा महिन्यांनी कंपनीचे डॉक्टर डोळे तपासायचे आणि म्हणायचे, "हेमाबाई, तुम्हाला इथून खडवलीच्या फलाटावरची मुंगी दिसेल." एकदा हेमाताईंनी एका कुपीत कापसाचा तंतू पकडला होता आणि त्यापायी अख्खी बॅच थांबली होती. तेव्हा मिळालेलं घड्याळ डोंबिवलीच्या या घरात अजून भिंतीवर होतं. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, पण घड्याळ पाच मिनिटंही मागे पडलं नव्हतं.

त्यांनी कुपी मोरीत ओतली. पावडरीसोबत नुसत्या निर्जंतुक पाण्याच्या वेगळ्या कुप्या आल्या होत्या. त्यावर त्यांच्याच जुन्या कंपनीचं नाव होतं, ते तपासायची गरज नव्हती. सिरिंजमध्ये ते पाणी भरून त्या बाहेर आल्या.

त्र्यंबकराव सदरा वर करून तयार बसले होते. जन्मभर सुईला घाबरलेला माणूस.

सर्जननी एकवीस दिवसांची मुदत दिली होती. साखरेने पायाची जखम सडत चालली होती. भरायला लागली तर ठीक, नाहीतर गुडघ्याखालून पाय काढायचा. जखम भरून आणणारी पेप्टाइडची इंजेक्शनं मैथिलीने, त्यांच्या मुलीने, घोडबंदर रोडवरच्या एका क्लिनिकमधून आणली होती. सर्जन म्हणाले होते, खात्री नाही, पण आता दुसरं काही उरलेलंही नाही.

"मैथिली, दुसऱ्या बॅचचं मिळेल का गं?" हेमाताईंनी फोनवर विचारलं.

"का? काय झालं?"

"असंच. तारीख जवळची वाटते."

"आई, तू रिटायर झालीयेस," मैथिली हसली. पण दोन दिवसांनी दुसरा डबा घेऊन आली.

त्यातही दोरा होता. तसाच, टोकाला आकड्यासारखा. हेमाताईंनी सहाही कुप्या कालवून बघितल्या, सहाही ओतल्या. एकाच कारखान्याचं पाप, त्यांच्या मनात आलं. रोज सकाळी त्या सिरिंजमध्ये नुसतं पाणीच भरत राहिल्या.

सांगायचं कुणाला? मैथिलीने धावाधाव करून आणलेलं औषध. आणि त्र्यंबकराव आता सकाळी सहालाच हाक मारायचे, "हेमा, वेळ झाली गं." पूर्वी ते असे फक्त पेपरासाठी उठायचे.

एकोणिसाव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे दौलतराव जिना चढून आले. त्यांच्याही टाचेला तशीच जखम होती, तेही त्याच क्लिनिकमधलं औषध घेत होते.

"बघा वहिनी," त्यांनी टाच पुढे केली, "कातडी धरली. गुलाबी आलीये."

"छान झालं," हेमाताई म्हणाल्या. त्यांनी दौलतरावांकडे दयेने पाहिलं. तो दोरा आता या माणसाच्या रक्तात कुठे कुठे फिरत असेल.

"आपलीपण भरतेय," त्र्यंबकराव म्हणाले. "खाज येते हल्ली. खाज म्हणजे भरतेय ना रे, दौलत?"

"शंभर टक्के."

"बाप्पाच्या आरतीला उभा राहतो की नाही बघ. नाहीतर तू माझ्या वाटणीचेही मोदक खाशील."

दुपारी ड्रेसिंग सोडताना हेमाताईंनी नाकाला पदर लावला. त्र्यंबकराव भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

बाविसाव्या दिवशी ठाण्याच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. त्र्यंबकरावांना खोलीत आणलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ते गुंगीत होते. मैथिलीने आईचा हात धरला.

"आई, तू काही कमी केलं नाहीस. एक दिवस चुकवला नाहीस."

"नाही चुकवला."

"त्या दौलतकाकांना लागू पडलं, बाबांना नाही. नशीब म्हणायचं."

तो दोरा आज ना उद्या दौलतरावांचा जीव घेणारच; त्यांचे डोळे मिटेपर्यंत हेमाताई थांबणार होत्या, मग क्लिनिकबद्दल सगळं सांगणार होत्या. निदान नवऱ्याच्या अंगात त्यांनी घाण जाऊ दिली नव्हती. पाय गेला, माणूस तरी निर्मळ राहिला.

मैथिली चहा आणायला गेली. नर्सने पडदा सारला, खोलीत ऊन आलं. हॉस्पिटलची चादर धुऊन पांढरीशुभ्र होती. उजव्या बाजूला पायाचा उंचवटा होता, डाव्या बाजूला गुडघ्याखाली ती सपाट पडली होती. हेमाताईंनी त्या सपाट जागेकडे पाहिलं.

त्या पांढऱ्यावरून एक बारीक काळा दोरा, टोकाला आकड्यासारखा, सावकाश तरंगत गेला.