सामोआला पाठवायचा फोटो

सामोआ बेटांवरचे लोक काढतात तसा टॅटू दंडावर काढायचा, हे रणधीरच्या डोक्यात बसलं होतं. "इथं विजय नगरातले टॅटूवाले तासाभरात काढून देतील, भिया," मित्र म्हणाला. पण ती त्या लोकांच्या घराण्याची खूण. न विचारता घेणं रणधीरला पटेना. त्याने तिथल्या एका पिढीजात गोंदणाऱ्याला अदबीने ईमेल लिहिला आणि महिनाभर उत्तराची वाट बघितली.

उत्तर आलं. "आमच्या घराण्यांची नक्षी देता येणार नाही, पण तुमच्यासाठी वेगळी काढीन. आधी तुमच्या घरात कुणाच्या अंगावर काही गोंदलेलं असेल, तर त्याचा फोटो पाठवा. तिथूनच सुरुवात करू."

रणधीर एकदम खूश. त्याच्या आई, जनाबाई, समोरच ओट्याशी पोह्यांसाठी कांदा चिरत होत्या, आणि मनगटापासून कोपरापर्यंत त्यांचे दोन्ही हात हिरव्या गोंदणाने भरलेले होते.

"आई, कांदा राहू दे. तुझा एक फोटो काढायचाय, परदेशात पाठवायला."

"फोटो? मग रुक जरा, आलेच," म्हणत जनाबाईंनी हात धुतले आणि त्या लगबगीने आतल्या खोलीत गेल्या.



बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या अंगात थेट मनगटापर्यंतच्या बाह्यांचा ब्लाउज होता. "तुझ्या लग्नात तूच बोलला होतास ना, फोटोत गोंदण दिसायला नको म्हणून. तेव्हापासून फोटोला हाच घालते मी."