पडद्याआडचा हुकूम

सम्राट इंकांची मान पुन्हा कलली. त्यांच्या सेविकेने, चिम्पूने, ती दोन्ही हातांनी सरळ केली, झग्याखालची दोरी आवळली आणि समोरच्या पडद्याकडे पाहिलं. पडदा विरळ होता. बाहेरच्याला आकृती दिसावी, चेहरा दिसू नये, इतपतच. जिवंतपणीही इंका असेच पडद्याआड बसत, त्यामुळे अजून कुणाला संशय आला नव्हता. माश्या मात्र फसत नव्हत्या.

इंका परवा गेले होते. युवराज अजून उत्तरेच्या मोहिमेवर. तो पोचायच्या आत बातमी फुटली तर सावत्र भाऊ एकमेकांचे गळे धरतील, म्हणून म्हाताऱ्या कारभाऱ्याने, रिमाचीने, मरण झाकून ठेवलं होतं. रोज नवी वस्त्रं येत होती, मुडद्याला नेसवली जात होती आणि रिवाजाप्रमाणे उतरवून जाळली जात होती. इंका चारचौघांत मोठ्याने बोलत नसत. चिम्पू त्यांच्या ओठांशी कान नेई आणि ऐकलेलं बाहेर सांगे. तेही चालूच होतं.

“कुणी काहीही विचारो,” रिमाचीने तिला बजावलं होतं, “तुझं उत्तर एकच. इंका विचार करतील. एवढं निभाव, पोरी. इंकांसोबत ज्या बायकांना रिवाजाने मरायचंय, त्यांतून तुला मी वगळतो. घरी जा, म्हातारी हो.”

चिम्पूला मरायचं नव्हतं. त्यात तिला लाज वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं.

सरदार वामान अनवाणी आत आला. पाठीवर लाकडाची मोळी होती. इंकांसमोर मोठ्यातला मोठाही ओझं घेऊनच येई. वाकूनच तो म्हणाला, “अंतामायोच्या खोऱ्यातलं बंड मोडलं, मालक. पुरुष बांधून तळ्याकाठी बसवलेत. मारू की सोडू?”

त्याच खोऱ्यातून चिम्पूला लहानपणी इंकांच्या सेवेसाठी निवडून आणलं होतं. मागे रांगता भाऊ राहिला होता. आता तो पुरुषांत मोजला जात असणार.

ती इंकांच्या गार ओठांशी वाकली. “इंका विचार करतील,” ती म्हणाली.

“करोत की,” वामान म्हणाला. “पण एवढ्या तोंडांना मका कुठून घालू? हुकूम नाही आला तर नेहमीसारखं उरकून टाकतो. निरोप्या दारातच उभा आहे.”

पडद्याबाहेरच्या कोपऱ्यातून रिमाचीने मान हलवली. उरकू दे, असं. चिम्पूने ते पाहिलं आणि ती पुन्हा वाकली. या वेळी जरा जास्त वेळ.

“सोडून दे, म्हणतात.”

वामानने ओझ्याखालून मान वर केली. “सोडू? इंकांनी बंडखोर सोडलेला मी आजवर पाहिला नाही.”

“मग पुन्हा विचारू? सांगू त्यांना, वामानला तुमचा शब्द पटत नाहीये म्हणून?”

“तसं कुठं म्हटलं मी, बाई,” वामान पुटपुटला आणि पाठ न दाखवता मागे सरकत बाहेर पडला. थोड्याच वेळात निरोप्याचा शंख वाजला.

रिमाची पडद्याआड आला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता थकलेला दिसत होता.

“हुकूम खोटा ठरवायचा तर आधी इंका मेलेत हे सांगावं लागेल. ते मला जमायचं नाही, हे तू बरोबर ओळखलंस.”

“हो, काका.”

“पण त्यांचा शेवटचा हुकूम तुझ्या तोंडून निघालाय, पोरी. युवराज आला आणि मरण जाहीर झालं, की हुकूम सुटला तेव्हा इंका जिवंत होते का, याचे दिवस वामान मोजेल आणि खरं काढून घ्यायला तुला गाठेल. तुला मागे ठेवता येणार नाही आता. तू त्यांच्यासोबत जाशील.”

चिम्पूला भीती वाटत होती, खूप वाटत होती.

“निरोप्या पूल ओलांडून गेला का?” तिने विचारलं.

रिमाचीने झरोक्यातून दरीत पाहिलं. “पलीकडच्या चढाला लागलाय.”

“मग माझ्या वेण्या घालायला कुणाला तरी पाठवा.”