नळीतला तास

काचेची बारीक नळी स्टँडमध्ये उभी करून नागसेननं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं.

"तासानं वाचायची, अण्णा. बसा निवांत."

अण्णासो बसले नाहीत. शाहूपुरीतली नागसेनची लॅब पहिल्या मजल्यावर होती. ते जिन्यापर्यंत गेले, नळीशी परत आले. हात बिडीसाठी खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला.

नळीत त्यांचं रक्त खाली बसत होतं, वर पिवळट पाणी सुटत होतं. अंगात सूज जितकी जास्त, तितकं रक्त तासाभरात जास्त खाली जातं. मार्चमध्ये ते अठ्ठावन्न रेघा उतरलं होतं. तेव्हा बोटं सुजून आखडली होती, अण्णासोंच्या सदऱ्याची बटणं त्यांची बायको मीनाबाई लावायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिसाच्या आत आलं तर यंदा गुऱ्हाळावर जा. नाही तर औषध वाढवू, आणि गुळाच्या चुलवाणाची धग विसरा. हंगाम आठ दिवसांवर होता. चाळीस वर्षं काहिलीतला पाक नुसता बघून गूळ उतरवणारा माणूस सात महिने पथ्य म्हणून बिनगोडाचा चहा पीत होता.

"बसा की जरा," मीनाबाई बाकावरून म्हणाल्या.

"बसलो की गुडघं धरत्यात. हालत ऱ्हावा म्हणून डॉक्टरनंच सांगितलंय न्हवं?"

"आज बरं आठवलं! रोज पहाटं तुमास्नी ढकलून चालायला काढतोय कोण?"

अकरा वाजले. अण्णासोंनी नळीला नाक लावलं.

"एकोणतीस. नागसेन, लिही."

"अजून पाच मिनिटं हायत."

"पाच मिनिटांत काय आभाळ कोसळतंय व्हय रं? तुझा बा आन् मी एका ताटात जेवलोय."

नागसेननं चष्मा काढून पुसला. "अण्णा, पाच मिनिटं आधी काहील उतरवली तर?"

अण्णासो नळीपासून मागं सरले.

"सांगा की आता," मीनाबाई म्हणाल्या.

"गुळाची ढेप बसत न्हाय," ते भिंतीकडं बघत म्हणाले आणि जिना उतरू लागले. खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. दोघं पावलं ऐकत राहिले.

अकरा-पाचला नागसेन नळीपुढं वाकला.

"एकतीस."

अण्णासो वरच्या पायरीवर होते. दम घेऊन म्हणाले, "लिही."

"मग गुऱ्हाळ?" मीनाबाईंनी विचारलं.

"डॉक्टर काय म्हणतोय बघू. उद्यापास्नं अर्धा मैल वाढवायचा."

अण्णासोंनी नागसेननं दिलेल्या कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावू लागले. पहिल्यांदा ते निसटलं. मीनाबाईंचा हात पुढं आला, अर्ध्यात थांबला, आणि त्यांनी तो हळूच पदराखाली घेतला.