कागदावरचा पल्ला

“काका, पुन्हा लांबूनच सोडलंत!” हेडफोनमध्ये धुळ्याचा तो मुलगा हसला.

पडद्यावर मांगीलालशेठचं क्षेपणास्त्र दमत दमत खाली गेलं. मुलाने विमान गर्रकन वळवलं होतं आणि खालच्या दाट हवेत शेपूट दाखवून तो निसटला होता.

मांगीलालशेठचं घर जळगावात मेहरूणला, गावात कापडाचं दुकान. रविवारी दुपारी जेवण झालं, की ते संगणकावर लढाऊ विमान उडवायला बसत. समोर ठरलेला हाच गडी. खेळातलं त्याचं नाव ‘बहिरी ससाणा’. तो बोलायचा, शेठ टाइप करून उत्तर द्यायचे. आपला माइक बिघडलाय, असं त्यांनी पहिल्याच दिवशी कळवून टाकलं होतं.

“क्षेपणास्त्राच्या माहितीत पल्ला शंभर किलोमीटर लिहिलाय. खेळच खोटा आहे,” शेठनी टाइप केलं.

“खेळ खरा आहे, काका. शंभर कधी? दोन्ही विमानं उंचावर, वेगात, समोरासमोर असतील तेव्हा. इंधन काही सेकंदांतच जळून जातं. पुढे सगळा खेळ उरलेल्या वेगावर. मी पाठ फिरवून खाली पळालो, तर तीससुद्धा मिळायचे नाहीत.”

शेठना हे आता तोंडपाठ होतं. तरी त्यांनी लिहिलं, “पटत नाही.”

मागे राजकुंवर मेथी निवडत बसल्या होत्या. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघता बघता त्यांचा हात थांबला.

हेडफोनमध्ये मुलगा म्हणाला, “जाऊ द्या काका. तुम्हाला समजावणं माझ्याच्याने होत नाही. पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या गटात खेळेन म्हणतो.”

उठून चाललेल्या गिऱ्हाइकाला कसं बसवायचं, हे शेठना दुकानाने शिकवलं होतं. त्यांनी घाईघाईने लिहिलं, “थोडं पटलं. पण उंचावरून सोडलं की पल्ला का वाढतो, तेवढं कळलं नाही.”

“अहो, ते सांगायला अख्खी दुपार जाईल!”

“मग पुढच्या रविवारी सांग.”

मुलाने सुस्कारा सोडला, पण आवाजात हसू होतं. “बरं, येतो. तुमच्याइतका हट्टी माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय, काका.”

शेठनी हेडफोन काढला. डोळे पुसले.

“येणार ना?” राजकुंवरनी विचारलं.

“येणार.”

“पोराने घर सोडल्याला दोन वर्षं झाली,” त्या हळूच म्हणाल्या. “पुढच्या रविवारी तरी सांगून टाका पारसला, समोर त्याचे पप्पाच असतात म्हणून.”